टपावरचं ओझं

झरी जामणीसारख्या तालुक्यात मोटरहोमवरचं पुस्तक कोण वाचणार, हा प्रश्न या पानांचं हस्तलिखित पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला. प्रश्न रास्त आहे. इथे कापूस आहे, तूर-सोयाबीन आहे, कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड आहेत, मुकुटबनला २०२२ पासून सिमेंटचा मोठा कारखाना आहे. दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे तेलंगण सुरू होतं. आत पलंग, ओटा, संडास असलेली गाडी मात्र कोणाच्या आवारात सहसा दिसायची नाही.

पण कापसाचा पहिला पैसा हातात आला की तिरुपतीला, शेगावला, माहूरला, पंढरपूरला ज्या ट्रॅव्हलर गाड्या आणि टेम्पो निघतात, त्यांत एकदा डोकावून बघावं. टपावर गाद्या, सतरंज्या, ताडपत्री आणि दोराने आवळलेल्या बॅगा. मागच्या डिकीत सिलिंडर, शेगडी, दोन मोठे गंज, तांदळाचं पोतं, तेलाचा पिंप. सीटांच्या मधल्या वाटेत पाण्याचा ड्रम. दुपारचा स्वयंपाक पेट्रोलपंपाच्या पुढच्या झाडाखाली आणि रात्री अर्धी मंडळी गाडीतच कलंडलेली. पाच-सहा दिवस घर त्या गाडीत असतं. मोटरहोम म्हणजे याहून वेगळं काय? कारखान्यातून येणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये पोत्याऐवजी फ्रिज आणि गंजाऐवजी सिंक असतं, इतकाच फरक. तिच्या चालकाला हायवेवर ज्या अडचणी येतात, त्या तिरुपतीच्या ट्रॅव्हलरवाल्याला कित्येक वर्षांपासून येत आहेत. त्याने त्यांना ‘गाडी हलते’ एवढंच नाव दिलं आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. अशा गाड्यांच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि पुण्याची एआरएआय ही संस्था अशा तपासण्या करते. आपल्याकडची बरीच मोटरहोम ट्रॅव्हलरसारख्या मिनीबसच्या किंवा हलक्या ट्रकच्या चासीवर बांधलेली असतात. मुळात ती चासी माणसं किंवा माल वाहण्यासाठी आखलेली, घर नाही. तिच्यावर प्लायवूडची कपाटं, पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, टपावर एसी आणि सोलर पॅनेल चढवलं की गाडी दिसते छान, पण तिचा स्वभाव बदलतो. हे पुस्तक त्या बदललेल्या स्वभावाबद्दल आहे. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मत मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढची प्रकरणं त्याच्याभोवतीच फिरतात: गाडीचा तोल बराचसा सामान भरतानाच ठरून गेलेला असतो. स्टिअरिंग हातात येईपर्यंत उरतं ते थोडंच.

याला गणिताचा आधार आहे, आणि ते गणित सातवी-आठवीच्या पलीकडचं नाही. डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर घ्या, ते निम्मं करा, आणि गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. जो आकडा येतो, गाडीच्या वजनाच्या तेवढ्या पटीचा आडवा जोर बसला की आतल्या बाजूची चाकं जमीन सोडतात. समजा भरलेली गाडी ४,००० किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर आहे आणि चाकांमधलं अंतर १.७ मीटर आहे. उत्तर येतं ०.८५. कोरड्या डांबरावर बऱ्या टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ असते, म्हणजे ही गाडी उलटण्याआधी घसरेल. घसरणं वाईटच, पण घसरलेल्या गाडीतून माणसं चालत बाहेर येतात.

आता याच गाडीच्या टपावर, जमिनीपासून २.९ मीटरवर, ३०० किलो सामान चढवा. यात्रेच्या गाडीला ३०० किलो म्हणजे फार नाही. ओल्या सतरंज्या आणि बॅगांनीच निम्मं होतं. गुरुत्वमध्य १.१३ मीटरवर जातो आणि आपला आकडा ०.७५ वर उतरतो. तेरा सेंटिमीटर वर गेला, हाताच्या वितीहूनही कमी. पण एवढ्यात गाडी घसरणाऱ्यांच्या यादीतून उलटणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसली. हेच ३०० किलो आत, फळीवर, जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर ठेवले असते तर गुरुत्वमध्य उलट किंचित खाली आला असता. प्रत्यक्षात स्प्रिंगचे पाटे आणि टायर दबून गाडी वळणावर बाहेर झुकते, त्यामुळे खरा आकडा कागदावरच्या आकड्याहून आणखी खालीच असतो.

उंच गाडी म्हणजे धोक्याची गाडी, असा अर्थ मात्र यातून काढू नये. मुंबईत १९३७ पासून बेस्टच्या डबलडेकर धावल्या, आणि वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी भांडलेल्या पिढ्यांना त्या कधी कलंडतील असं वाटलं नाही. इंजिन, चासी, डिझेलची टाकी, गिअरबॉक्स सगळं तळाला. वर पत्रा, काच आणि माणसं. लंडनच्या डबलडेकरला वरच्या मजल्यावर वजनं ठेवून २८ अंशांपर्यंत कलती करून बघतात आणि ती उलटत नाही. शत्रू उंची नव्हे, उंचावर ठेवलेलं वजन आहे. म्हणून मोटरहोम बांधून घेणाऱ्याने कारागिराला पहिला प्रश्न रंगाचा किंवा गादीच्या जाडीचा न विचारता, बॅटऱ्या कुठे बसणार आणि पाण्याची टाकी कुठे, हा विचारावा.

पाण्याबद्दल इथेच एक गोष्ट. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे सगळ्यांना माहीत असतं. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, हे कमी जणांना. वळणावर पाणी बाहेरच्या भिंतीकडे धावतं, चालक स्टिअरिंग सरळ करतो तेव्हा ते उलट धावतं, आणि ही धाव गाडीच्या झोक्याच्या तालात आली की झोका वाढतो. टाकीत आडव्या भिंती असतील तर जोर मोडतो. त्या नसतील तर निघताना टाकी एक तर काठोकाठ भरावी नाही तर रिकामी करावी, आणि ती दोन्ही आसांच्या मधे, तळाशी असावी. सीटांच्या वाटेतला उघडा ड्रम या हिशेबात कुठेच बसत नाही.

वजन किती उंच हा एक भाग झाला. ते किती मागे, हा दुसरा. यासाठी आपल्याकडच्या माणसाला परदेशी पुस्तक लागत नाही. कापसाची बंडी भरताना मागे ओझं जास्त झालं की बंडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठू लागतं, आणि बैल ओढतात पण बंडीला दिशा राहत नाही. चारचाकीत हेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या आणि मागच्या आसात साडेतीन मीटर अंतर असलेल्या गाडीत मागच्या आसाच्या दीड मीटर पाठीमागे १०० किलो ठेवले, तर मागच्या आसावर १०० नव्हे, १४३ किलो वाढतात. वरचे ४३ किलो येतात पुढच्या आसावरून. म्हणजे दिशा देणारी चाकं हलकी झाली. स्टिअरिंग हातात ‘तरंगतं’, सरळ रस्त्यावरही सारखं डावं-उजवं करत राहावं लागतं, आणि संध्याकाळी चालकाचे खांदे दुखतात. त्याचं दुखणं आपण थकव्यावर ढकलतो. रात्री समोरून येणारे सगळेच डिपर मारायला लागले, तर लोक उद्धट झालेले नसतात. गाडीचं नाक वर गेलंय आणि हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत शिरतायत.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९३व्या नियमाने मागचा लटकता भाग आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांच्या आत बांधून टाकला आहे. तो नियम बॉडी बांधणाऱ्याला लागू पडतो. त्या लटकत्या भागात सिलिंडर, स्टेपनी, जनरेटर आणि वर सायकलींचा स्टँड एकदम कोंबणाऱ्या मालकाला तो काहीच म्हणत नाही.

‘गाडी हलते’ ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: “भाऊ, मागं एक पाटा वाढवून टाकतो, मग बघा, हलणारच नाही.” पाटा वाढवला की गाडी खरंच कमी झुकते. मालक खूश होतो. पण गुरुत्वमध्य होता तिथेच आहे, त्यामुळे उलटण्याची हद्द जवळजवळ तिथेच राहिली. आधी गाडी झुकून सूचना देत होती, ती सूचना मात्र बंद झाली. दुसरं असं की फक्त मागची बाजू कडक केली तर वळणावर वजनाची उलथापालथ मागच्या चाकांवर जास्त होते, बाहेरचं मागचं चाक आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओझं घेतं आणि गाडीचा शेपटा आधी सुटू शकतो. सुटलेला शेपटा सावरणं मुरलेल्या चालकालाही अवघड. पाटे वजनाप्रमाणे असावेत, हे खरं. मागचे बसलेले, तडकलेले पाटे बदलायलाच हवेत. पण झुकणं कमी करायचं तर पुढे आणि मागे मिळून स्टॅबिलायझर बार आणि ताजे शॉकअप यांचा विचार आधी व्हावा. शॉकअपवर तेलाचे ओघळ दिसत असतील, टायर ठरावीक अंतरावर खळगे पडल्यासारखा झिजला असेल, तर पाट्याचा खर्च करू नका. किंगपिन, टाय रॉडचे एंड आणि बुश यांतला प्ले तपासून घेतल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे देणंही व्यर्थ. या गोष्टींचं एक सबंध प्रकरण पुढे आहे आणि ते मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं आहे, कारण त्यात खर्चाचा क्रम दिला आहे: फुकट काय, स्वस्त काय आणि शेवटी महाग काय.

फुकटात पहिली येते हवा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि डांबर हवेपेक्षाही कितीतरी तापतं. त्यावर ‘उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो’ हा सल्ला इतक्या ठिकाणी, इतक्या मायेने दिला जातो की तो न पाळणारा माणूस अडाणी ठरतो. सल्ला उलटा आहे. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दबते आणि उलगडते, त्या वाकण्याने रबर आतून तापतं, आणि तापलेलं रबर तारांपासून सुटतं. फुटण्याचं एक मोठं कारण हेच. सकाळी गार टायरमध्ये ६५ असलेली हवा दुपारी धावून धावून ७५ च्या आसपास जाणं स्वाभाविक आहे. टायर बनवणाऱ्याने ती वाढ धरूनच गार हवेचा आकडा दिलेला असतो. दुपारी पंपावर उतरून ती ‘जास्तीची’ हवा सोडली, की संध्याकाळी गार झालेला टायर ५५ वर येतो आणि दुसऱ्या दिवशीचा प्रवास त्याच्यावर होतो. शिवाय कमी हवेचा टायर आडव्या जोराला लुसलुशीत असतो. गाडी हलते ती काही वेळा नुसती यामुळेच. किती हवा भरायची ते त्या आसावर प्रत्यक्ष किती वजन आहे त्यावर ठरतं, शेजारच्या गाडीत किती आहे त्यावर नाही. आणि यात्रेच्या गाड्या वर्षातून मोजके दिवस धावत असतील तर टायरची नक्षी शाबूत असूनही रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघावेत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

आता रस्ता. झरीहून पांढरकवड्याला येऊन आपण ४४ नंबरच्या महामार्गाला लागतो. २०१०च्या नव्या क्रमांकांपूर्वीचा हा ७ नंबर. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा. पाटणबोरी, पिंपळखुटीचा नाका, पैनगंगेचा पूल, मग आदिलाबाद. चौपदरी, गुळगुळीत, सरळ. चालकाला वाटतं की जड काम संपलं. माझ्या मते या प्रवासातला जोखमीचा भाग दोन टोकांना असतो: गावाकडच्या अरुंद रस्त्यावर, जिथे कडा खचलेल्या असतात, आणि चौपदरीवर, जिथे वेग कळत नाही.

कडांचं कारण काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबर लाटा घेतं, कडेला तुटतं. डांबर आणि बाजूची माती यांच्यात चार-सहा बोटांची पायरी तयार होते. समोरून वणीकडून कोळशाचा ट्रक आला, आपण डावीकडे सरकलो आणि डावी चाकं त्या पायरीखाली उतरली, की घाबरलेला चालक उजवीकडे जोरात ओढतो. टायरची बाजू कडेला घासत राहते, गाडी वर येत नाही, म्हणून तो आणखी ओढतो. आणि मग टायर एकदम वर चढतो तेव्हा चाकं भलतीच वळलेली असतात. गाडी रस्ता ओलांडून पलीकडे जाते किंवा तिथेच आडवी होते. वर दिलेल्या गणितात एक गंमत आहे. दीडशे मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटरला आडवा जोर ०.१९ पट असतो, ८० ला ०.३४ आणि १०० ला ०.५२. म्हणजे नुसत्या वळणाने ०.७५ वाली गाडी उलटत नाही. उलटवणारा असतो हा असा अचानकचा झटका, किंवा मऊ मातीत रुतलेलं चाक, किंवा दुभाजकाची कड. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडावा, चाकं मातीतच सरळ चालू द्यावीत, वेग उतरू द्यावा आणि मग जिथे पायरी कमी आहे तिथून हळूच वर यावं. लिहायला सोपं आहे. अंगवळणी पडावं म्हणून ते रिकाम्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, २० च्या वेगात करून बघावं लागतं.

दुसरा झटका रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास आणि एकूणच या पट्ट्यात तुरीच्या शेतातून रोही उडी मारून थेट बॉनेटसमोर येतो, आणि हात आपोआप स्टिअरिंगवर फिरतात. स्वीडनमध्ये रोह्याच्या जागी एल्क हे प्रचंड हरीण असतं, म्हणून तिथले पत्रकार अचानक वळून परत लेनमध्ये येण्याची चाचणी घेतात. १९९७ मध्ये त्या चाचणीत मर्सिडीजची अगदी नवी ए-क्लास मोटार उलटली. कंपनीला गाड्या परत बोलवून दुरुस्त कराव्या लागल्या आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण त्या छोट्या मोटारीत सरसकट आलं. एवढ्या अभियंत्यांनी बांधलेली छोटी मोटार जर अशी पडते, तर टपावर गाद्या बांधलेल्या ट्रॅव्हलरने ती कसरत करायचा प्रश्नच येत नाही. ब्रेक जोरात, स्टिअरिंग सरळ. रोह्याला लागेल, बॉनेटचा चेंदामेंदा होईल. पंधरा-वीस माणसं मात्र सीटवर बसलेली राहतील. हा सल्ला काहींना क्रूर वाटेल. मला तो द्यावाच लागतो.

चौपदरीवर वेग कळत नाही, याचा पुरावा रोज दिसतो. कापसाने दोन्ही बाजूंना फुगलेला, ताडपत्री फडफडणारा ट्रक आदिलाबादच्या बाजाराकडे चाललेला असतो. त्याचा तोल कागदावर आपल्या गाडीहून कितीतरी वाईट. पण त्याच्या चालकाला ते माहीत आहे, म्हणून तो ४० वर आहे, आणि आपण त्याला हसत ९५ ने ओलांडतो. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर प्रवासी बसची कमाल मर्यादा ९० ठरवली आणि द्रुतगती मार्गावर १००. त्या मर्यादा कायद्याच्या. टपावर ओझं असलेल्या गाडीची स्वतःची मर्यादा त्याहून खाली असते आणि ती कुठल्या पाटीवर लिहिलेली नसते. ८० वरून १०० वर गेलं की वेग चौथ्या हिश्शाने वाढतो, पण थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. बाजूने येणारा वाराही वेगाच्या जोडीने जास्त झोंबतो. मोठा ट्रक ओलांडताना तो आपल्याला एकदा स्वतःकडे ओढतो आणि एकदा दूर ढकलतो. पहिल्या वेळी चालकाने जोरात दुरुस्ती केली तर ती दुसऱ्या वेळच्या जोरालाच भर घालते. हात घट्ट, मनगट ढिलं, आणि ओलांडण्याआधी दोन हात जास्तीचं अंतर, एवढं पुरतं.

१ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली स्लीपर बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं: झोप, टायर, वेग, दरवाजे. या पुस्तकात त्या अपघाताचा निवाडा नाही. पण झोपायची जागा वर-खाली बांधलेली गाडी उलटल्यावर आतल्या माणसाला बाहेर पडायला किती वाटा उरतात, हे मोटरहोम बांधणाऱ्या प्रत्येकाने कागदावर काढून बघावं, म्हणून आपत्कालीन दाराचं प्रकरण तोलाच्या प्रकरणाला लागूनच घेतलं आहे. सिलिंडर कुठे ठेवावा, हेही त्याच प्रकरणात आहे.

वाचायचा क्रम मात्र लेखकाने दिला आहे तो पाळू नये, असं मी सुचवीन. आधी यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरावी, माणसांसकट, आणि वणी किंवा पांढरकवड्याच्या धर्मकाट्यावर न्यावी. पूर्ण गाडीचं वजन घ्यावं, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. काटेवाला विचारेल की माल कुठाय. त्याला सांगावं, माल आम्हीच. तिन्ही आकडे पावतीच्या मागे लिहून घ्यावेत, दरवाजातल्या पाटीवर दिलेल्या आसांच्या मर्यादेशी ताडून बघावेत, आणि मागचा आकडा जास्त निघाला तर तिथेच उभ्या उभ्या गंज आणि तांदूळ पुढच्या सीटखाली सरकवावेत, गाद्या टपावरून आत घ्याव्यात. बायका कुरकुर करतील, जागा नाही म्हणतील. ती पावती हातात ठेवून मग पहिलं प्रकरण उघडावं.